सातव्या पाइपावरची तारीख

वडिलांनी जाताना दोघा भावंडांत वाटणी केली ती सरळ होती. गॅरेज थोरल्याला, ट्रक धाकटीला, आणि एक नियम दोघांत सामाईक. नियम असा, की गाडीचं पाण्याचं काम मोडायची वाट बघायची नाही. दर पाच वर्षांनी, गळत असो वा नसो, रेडिएटरपासून इंजिनापर्यंत जेवढं म्हणून रबर आहे तेवढं उतरवायचं आणि नवं घालायचं. सात पाइप, एक पट्टा, आणि हात लागलाच आहे तर पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकणसुद्धा.

लोक हसायचे. चांगलं चाललेलं काढून फेकणारा हा एकच शहाणा, असं म्हणायचे. वडील त्यांना म्हणायचे, "रबर बाहेरून मरत नाही, आतून मरतं. वरून बघून खूश होणारा मिस्त्री आणि फोटो बघून होकार देणारा नवरा, दोघांनाही पुढे कपाळावर हात मारावा लागतो." लोक आणखी हसायचे. पण सव्वीस वर्षांचा तो ट्रक रस्त्यात एकदाही वाफ सोडत उभा राहिला नव्हता, आणि हसणाऱ्यांपैकी निम्मे कधी ना कधी त्याच्याच मागे दोर बांधून घरी आले होते.

नियमाला दोन शेपट्या होत्या. पहिली अशी, की नवा पाइप चढवण्याआधी त्यावर बारीक कुंचल्याने पांढऱ्या रंगात तारीख घालायची, आणि ती ज्याने पाइप चढवायचा त्यानेच घालायची. घालणारा लिहितो. अक्षर बघून माणूस कळला पाहिजे. दुसरी शेपटी म्हणजे पंचनामा. हा शब्द वडिलांचाच. उतरवलेले पाइप पोत्यात भरून गाडी चालवणाऱ्याच्या हवाली करायचे, आणि त्याने मिस्त्रीसमोर बसून एकेक पाइप चाकूने उभा चिरून आत काय झालंय ते बघायचं. म्हणजे मिस्त्री सुखावत नाही आणि ड्रायव्हर शिकतो. भावंडांची लहानपणची कितीतरी दुपारं पंचनाम्यात गेली होती. बाकीची मुलं पत्ते खेळत होती तेव्हा ही दोघं रबर चिरत होती.

वडील गेल्याला तीन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे पहिल्यांदाच पाच वर्षांची पाळी भरली, आणि सगळं काम एकट्या थोरल्यावर आलं. त्याला गावभर मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे मिस्त्री' म्हणायची. हात रुंद, बोटं जाड, मान थोडी ताठ. ताठ मान ही त्याला वडिलांकडून मिळाली होती, पण वडिलांकडे तिच्यासोबत थोडा विनोद होता, तो मात्र धाकटीकडे गेला. वाटणीच ती, काय करणार.

मंगळवारी सकाळी त्याने काम धरलं. बुधवारी संध्याकाळी गाडीवर मधवाल्याच्या पेट्या चढायच्या होत्या. मधवाला म्हणजे माश्या पाळणारा एक साठीचा माणूस. मोसम पालटला की पठारावरच्या साठ पेट्या उचलून डोंगरावरच्या बागांत नेऊन ठेवायचा. हा माल म्हणजे बाकी कशाचीही वाट बघेल असा नव्हे. पेट्यांची दारं जाळीने बंद केलेली. गाडी चालत असली की वारा लागतो आणि माश्या शांत बसतात, गाडी उन्हात थांबली की आतल्या आत तापून गुदमरतात. म्हणून पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत घाट चढून जायचं. गेली दोन वर्षं त्याने हा माल धाकटीशिवाय कुणाच्या गाडीवर घातला नव्हता.

दुपारपर्यंत सहा पाइप झाले. वरचा मोठा, खालचा मोठा, टाकीचे दोन, केबिनच्या हीटरचे दोन. पंप बसला, पट्टा ताणला गेला. जुन्या प्रत्येक पाइपावर वडिलांच्या हातची तारीख होती, त्यांचा तो लांब शेपटीचा नऊ तर ओळखीच्या माणसासारखा समोर यायचा. मिस्त्री एकेक पोत्यात टाकत गेला. आणि मग घोडं अडलं सातव्यापाशी.

सातवा पाइप इंजिनाच्या पाठीमागे होता. वीतभर लांब, कोपरासारखा वाकडा, इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या चिमटीत दडलेला. डोळ्यांना जेमतेम दिसायचा आणि हाताला तर मुळीच सापडायचा नाही. सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत शेवटी बदलायचा, म्हणून वडील त्याला शेंडेफळ म्हणत. आणि तो बदलायचं काम घरातल्या शेंडेफळाचं. धाकटी आठ वर्षांची होती तेव्हापासून तिचा हात त्या फटीत जायचा, वडील बाहेरून सांगायचे, आणि ती डोळे मिटून जीभ दातांत धरून क्लिप सोडवायची. पाच वर्षांपूर्वी तारीख तेवढी वडिलांनी घातली होती, कारण धाकटीचा हात तेलाने माखला होता. पाइप तिनेच चढवला होता.

म्हणजे थोरल्याने तो पाइप जन्मात एकदाही बदललेला नव्हता. ही गोष्ट त्याला माहीत होती, आणि माहीत नसल्यासारखा तो वागत होता. गॅरेज आपलं झालं, आता आपल्याला येत नाही असं एकही काम गॅरेजात असता कामा नये, अशी त्याची समजूत. समजूत मोठी आणि फट छोटी.

त्याने नव्या पाइपावर तारीख घातली. मंगळवारची. मग हात घातला. मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना. उलटा घातला, तिरका घातला, साबण लावून घातला. दोन बोटं कशीबशी क्लिपपर्यंत पोचली, आणि तिथं खरी गंमत झाली, ती ही की बोटांना काही कळेचना. गेलं वर्षभर त्याच्या बोटांचे सांधे सुजत होते. सकाळी मूठ वळत नसे. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, ती रात्री मलम चोळायची आणि म्हणायची, "धाकटीला तरी सांगा." तो म्हणायचा, "काय सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची." ती म्हणायची, "झाकता येते कुठं तुम्हाला मूठ?"

तीनदा पाना हातातून निसटला आणि तिन्ही वेळा तो शोधायला त्याला गाडीखाली सरपटावं लागलं. मनगट सोललं. चार वाजले. आणि नेमकी तेव्हा धाकटी दोन पेले चहा घेऊन आली.

"कुठवर आलं, दादा?"

"होत आलं."

"शेंडेफळ राहिलं असेल," ती चहा बोनेटच्या कडेवर ठेवत म्हणाली, आणि बाही वर सारायला लागली. "सर बाजूला, मी घालते हात. पाव तासाचं काम."

एवढंच होतं सगळं. तिने बाही वर केली होती. त्याने फक्त बाजूला सरायचं होतं.

"झालं ते," तो म्हणाला.

"झालं?" तिचे डोळे मोठे झाले. "तुझा हात गेला आत?"

"का? मी काय मिस्त्री नाही?"

"तसं नाही रे," ती हसली, आणि तिला खरोखरच आनंद झाला होता, हे पुढे त्याला फार छळणार होतं. "बाबा असते तर पेढे वाटले असते."

ती गेली तेव्हा चहा निवला होता. मग त्याने स्वतःला जे सांगितलं ते असं: पाइप बाहेरून चांगला आहे, हाताला घट्ट लागला, एक खेप सहज निघेल, परत आली की गुपचूप कसंतरी बदलू. म्हणजे बाहेरून बघून खूश होणारा जो मिस्त्री वडिलांनी आयुष्यभर टिंगलीला घेतला होता, तो हाच. फरक एवढाच, की ह्याने तर बाहेरूनही बघितलं नव्हतं, नुसतं चाचपलं होतं.

आणि खोट्याचं कसं असतं, एक बोललं की त्याला राहायला घर बांधून द्यावं लागतं. पोत्यात सहाच पाइप होते. त्याने गॅरेजच्या मागच्या भंगारात हात घालून वीतभर लांबीचा एक वाकडा जुना पाइप शोधला, कुठल्या गाडीचा कोण जाणे, आणि पोत्यात टाकला. नवा पाइप, मंगळवारच्या तारखेसकट, हत्यारांच्या खणात चिंध्यांखाली गेला.

संध्याकाळी पंचनामा झाला. अंगणात सतरंजी, मध्ये पोतं, धाकटीच्या हातात वडिलांचा चाकू. ती एकेक पाइप चिरून उलगडायची आणि दाखवायची. खालच्या मोठ्या पाइपाच्या आत भेगा पडल्या होत्या, कोरड्या जमिनीसारख्या. "बघ, अजून सहा महिने गेले असते तर?" ती म्हणाली. मिस्त्रीने मान हलवली. त्याचं लक्ष पोत्यातल्या शेवटच्या तुकड्याकडे होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. त्याच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

तिने तो हातात घेतला, फडक्याने पुसला, उलटसुलट केला.

"ह्याच्यावर बाबांची तारीख नाही."

आत्ताच सांगावं, असं त्याला वाटलं. तोंड उघडलंसुद्धा.

"उडाला असेल रंग," तीच म्हणाली. "इंजिनाची धग सगळी त्याच्यावरच. बिचारं शेंडेफळ." आणि तिने तो चिरून बाजूला ठेवला.

त्याने तोंड मिटलं. तिने संशय घेतला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, आवाज चढला असता, आणि आरडाओरड्यात खरं निघून गेलं असतं. पण तिने त्याच्या वतीने सबब शोधून त्याच्या हातात दिली. माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो तो अशा वेळी.

बुधवारी तिन्हीसांजेला पेट्या चढल्या. मधवाला प्रत्येक पेटीला कान लावायचा आणि मगच दोर आवळू द्यायचा. सगळं झाल्यावर त्याने मिस्त्रीला विचारलं, "गाडी म्हातारी झाली. घाट झेपेल ना हो?"

मिस्त्री उत्तर शोधत होता, तेवढ्यात धाकटी टपावरून म्हणाली, "काका, पाण्याचं काम झालंय कालच. माझ्या भावानं हात लावलाय गाडीला."

"मग प्रश्नच मिटला," मधवाला म्हणाला, आणि निर्धास्त होऊन हात धुवायला गेला.

त्या रात्री मिस्त्री जेवला नाही. बायकोने कारण विचारलं, त्याने पोट सांगितलं. पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज त्याने अंथरुणातून ऐकला. उठून दारात उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. तो कुशीवर वळला. आवाज रस्त्याला लागला, लांब गेला आणि संपला. मग तो उठला, गॅरेजात गेला, खण उघडला, आणि चिंध्यांखालून पाइप काढून पुढ्यात ठेवून बसला. फोन घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं तर समोरासमोर सांगायचीही त्याची छाती नव्हती.

साडेआठला फोन वाजला.

"दादा, गाडी तापली. काटा वर जायला लागल्याबरोबर बंद केली. घाट लागतो त्याच्या पहिल्याच वळणावर आहे." तिचा आवाज शांत होता, पण भराभर येत होता. "मागच्या बाजूनं कुठूनतरी पाणी गेलं सगळं. सावली नाही रे इथं. पेट्या तापतायत. लवकर ये."

"पाणी घालून ठेव पेट्यांवर," तो म्हणाला. एवढंच सुचलं.

स्कूटरवर त्याने हत्यारांची पिशवी अडकवली, पाण्याचे दोन डबे बांधले, आणि पाइप शर्टाच्या आत घातला. सव्वा तासाची वाट. वाटेत त्याला तीन-चार वेगवेगळी वाक्यं सुचली. क्लिप सैल राहिली असेल. माल खराब आला असेल. सगळी वाक्यं चांगली होती, कुणालाही पटली असती. त्यांतलं एकही वाक्य मोठ्याने म्हणून बघायचं धैर्य मात्र त्याला झालं नाही.

वळणावर ट्रक उभा होता, बोनेट उघडं, खाली ओला डाग. ऊन थेट पेट्यांवर. धाकटी आणि मधवाला जवळच्या ओढ्यातून बादल्या आणून पेट्यांवरची पोती भिजवत होते. पेट्यांतून जो आवाज येत होता तो रात्रीचा गुणगुणाट नव्हता. सगळ्या माश्या मिळून एकाच वेळी पंख मारत होत्या. ऐकणाऱ्याच्या छातीत ते हलत होतं.

"आला," धाकटी म्हणाली आणि बादली टेकवली. "दादा, कुठला पाइप ते अजून बघता आलं नाही. इंजिन हात लावू देत नव्हतं. कुठला लागेल काय माहीत, तू काय काय आणलंयस?"

त्याने शर्टात हात घालून पाइप काढला. एकच. वाकडा, वीतभर.

मधवाला बघतच राहिला. "न बघता ओळखलंत?" तो म्हणाला. "फोनवर नुसतं 'मागनं पाणी गेलं' एवढं ऐकून? वा, मिस्त्री. ह्याला म्हणतात हात." आणि त्या तापलेल्या, थकलेल्या माणसाने दोन्ही हातांनी मिस्त्रीचा हात धरला. सुजलेल्या सांध्यांतून कळ गेली. मिस्त्रीला वाटलं, ही कळ आणखी यायला हवी.

धाकटी पाइपाकडे बघत होती. मग भावाकडे. तिने काही विचारलं नाही. बाही वर सारली, बोनेटच्या कडेवर पोट टेकवून वाकली आणि डोळे मिटून हात फटीत घातला. जीभ दातांत. चटका बसला असणार, तोंडातून हळूच आवाज निघाला. दोन मिनिटांत तिचा हात बाहेर आला, आणि हातात फुटलेला पाइप.

तिने तो फडक्याने पुसला. पांढऱ्या रंगातली तारीख उन्हात स्वच्छ दिसली. पाच वर्षांपूर्वीची. लांब शेपटीचा नऊ.

मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघू शकला नाही. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. त्या हातांनी पाइप एकदा फिरवला, तारखेवरून अंगठा नेला, आणि ते थांबले.

"सापडला का चोर?" मधवाल्याने पेटीवर पाणी ओतता ओतता विचारलं.

"सापडला, काका." तिचा आवाज सपाट होता. पाइप तिने पाठीमागे धरला. "नवाच फुटला. हल्ली मालच तसला येतो. दुकानदाराला बघते मी."

धाकटी खोटं बोलत नसे. लहानपणी काच फुटली तरी पहिला हात तिचा वर व्हायचा, आणि त्यापायी थोरल्यानेही पुष्कळ मार खाल्ला होता. आज ती परक्या माणसासमोर, चटका बसलेल्या हाताने, त्याच्यासाठी खोटं बोलली होती. तिने दुसरा हात पुढे केला. "दे तो."

नव्या पाइपावर मंगळवारची तारीख होती, त्याच्या हातची, ठळक. तो पाइप तसाच बसला असता तर बाकीच्या सहांशी बरोबर जुळला असता. पुढे पाच वर्षं कुणीही बॅटरी मारून बघितलं असतं तरी सात पाइप, एक तारीख, एक अक्षर. दुकानदार चोर ठरला असता आणि मिस्त्रीचा हात गावभर गाजला असता. तिने ते वाचलं होतं. वाचूनच ती हात पुढे करून उभी होती.

"थांब," तो म्हणाला.

त्याने पिशवीतून पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा काढला आणि पाइपावरची तारीख घासून पुसली. मग रंगाची डबी आणि कुंचला काढून तिच्यापुढे धरला.

"घालणारा लिहितो," तो म्हणाला.

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, आणि कुंचला घेतला. झरझर आजची तारीख घातली. रंग ओला असतानाच पुन्हा वाकून तिने हात आत घातला. मिस्त्री मधवाल्याकडे वळला. हे त्याला पाठ करून म्हणता येणार नव्हतं, म्हणून त्याने नुसतं म्हटलं.

"तो नवा नव्हता. जुनाच होता. मी बदललाच नाही."

मधवाल्याच्या हातातली बादली कलती राहिली. "म्हणजे?"

"माझा हात जात नव्हता आत. बोटं सुजलीत माझी, वर्ष झालं. ती म्हणाली होती मी घालते. मी म्हटलं, झालं. आणि पंचनाम्यासाठी पोत्यात दुसराच पाइप टाकला. तिला ठाऊक नव्हतं. आत्ता कळलं तिला."

इंजिनाच्या आतून पाना घसरल्याचा आवाज आला, मग परत क्लिप आवळल्याचा. धाकटी वर आली नाही.

बोलायला वेळ नव्हता. पाणी भरलं, झाकण लावलं, गाडी सुरू झाली. काटा चढला आणि मधोमध येऊन बसला. धाकटी केबिनमधून म्हणाली, "काका, चला," पण मधवाला बाजूच्या फळीवर चढला होता आणि एकेका पेटीला कान लावत चालला होता. उन्हाच्या अंगाच्या रांगेपाशी तो थांबला. एका पेटीला कान लावला, बोटाने टकटक केलं, पुन्हा कान लावला. तिचा दोर सोडला. मग पुढची. तिचाही सोडला.

पाच पेट्या त्याने खाली उतरवल्या. मिस्त्रीने खालून धरल्या. पेटी तिरकी झाली की आत काहीतरी एका बाजूला घसरत होतं, वाळल्या शेंगांसारखं.

पाचवी खाली आल्यावर मधवाला कडेच्या दगडावर बसला. पाण्याने आणि घामाने भिजलेला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मिस्त्रीने ते पदरात घेतलं असतं. त्याने अगदी साधं विचारलं, एखाद्याला काम समजून घ्यायचं असतं तसं.

"मंगळवारी तिनं हात घातला असता, तर किती वेळ लागला असता?"

"पाव तास," मिस्त्री म्हणाला.

मधवाल्याने मान हलवली. मग उठला. "पेट्या लागतील मला," तो म्हणाला. "तिकडं झुडपाखाली ओतून आणा."

मिस्त्रीने एकेक पेटी उचलून नेली. झाकण उघडून ती उपडी करायची आणि तळावर चापट मारायची. पाचदा. मधात भिजलेल्या माश्या त्याच्या जाड बोटांना चिकटत होत्या. त्यांतली एखादी अजून पाय हलवत असली की ती वेगळी काढून तो पानावर ठेवायचा. बोटं नीट वळत नव्हती, म्हणून वेळ लागत होता. मागे गाडी सुरू होती. धाकटीच्या बोटांना लागलेला पांढरा रंग स्टेअरिंगवर उमटला होता, आणि तिचं लक्ष काट्यावर होतं.

ऊन चढत होतं आणि घाट सगळा पुढे होता, पण तिने हॉर्न वाजवला नाही. तो रिकाम्या पेट्या घेऊन परत येईपर्यंत ती थांबली.